मोघे सरांचं अकरावं प्रकरण

भोरमध्ये एखादी बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळावी असं वाटत असेल, तर त्याला दोन उपाय होते. एक, घंटागाडीवाल्याला गाठून त्याच्या भोंग्यावरून ती सांगायची. दुसरा, मोघे सरांच्या कानाशी लागून "सर, अजून कुणाला बोलू नका हं" असं म्हणायचं. दुसरा उपाय जास्त खात्रीचा, कारण घंटागाडी आमच्या आळीत रोज येत नाही.

आमच्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना हलवला तेव्हा त्यांनी पाटीसुद्धा लावली नाही. दाढ काढायला आलेल्या मोघे सरांना एवढंच म्हणाले, "पुढच्या सोमवारपासून बाजारपेठेत बसणार आहे, पण इतक्यात कुठं काढू नका." सोमवारी नव्या जागी पेशंटची रांग. सरांचा गाल तेव्हा सुजलेला होता, तरी हे झालं.

आणि या माणसानं निवृत्तीनंतरची सगळी वर्षं कशावर घालवावीत? देशाच्या गुप्तहेर खात्याचा इतिहास लिहिण्यावर.

एसटी स्टँडच्या अलीकडे माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. माहेर शिवऱ्याचं, लग्न होऊन भोरला आले आणि दुकान टाकलं. शाळेला मात्र मी आधीपासून भोरलाच यायचे; तिथं सरांनी मला आठवीत इतिहास शिकवला होता आणि पस्तीस मार्क दिले होते. टायपिंगमध्ये चूक झाली की ते मार्क सर अजून काढायचे. "वंदना, 'हेरगिरी'तली दुसरी वेलांटी खाल्लीस. तरी म्हटलं पस्तीसच का दिले होते मी."

दुकानात त्यांची जागा ठरलेली. हेरानं नेहमी भिंतीला पाठ लावून आणि दाराकडे तोंड करून बसावं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या दुकानात अशी जागा एकच, झेरॉक्स मशीनच्या मागे, जिथं त्याची गरम हवा बाहेर पडते. भर मे महिन्यात सर तिथं घामानं निथळत बसायचे. मी पंख्याखालची खुर्ची पुढं केली की म्हणायचे, "नको. इथून सगळं दिसतं." सगळं म्हणजे समोरचं रसवंतीगृह आणि स्वारगेटची गाडी.

लिहायला घेतल्यावर सरांच्या लक्षात आलं की या विषयाला कागदच नाहीत. मग त्यांनी माहितीच्या अधिकाराचे अर्ज टाकायला सुरुवात केली. ते सगळे मीच टाईप केले. उत्तर दर वेळी एकाच ओळीचं यायचं: ही माहिती देता येत नाही. एकदा सरांनी नुसतं विचारलं, आपलं कार्यालय कोणत्या साली स्थापन झालं? त्यालाही तेच उत्तर. मला वाटलं आता तरी सर वैतागतील. सर आनंदानं उठून उभे राहिले.

"म्हणजे झालं होतं!"

"काय सर?"

"स्थापन! नसतं झालं तर त्यांनी 'असं कार्यालयच नाही' म्हटलं असतं. नकार हाही पुरावा असतो, वंदना." आणि ते पत्र पाकिटासकट फाईलला लावलं. पाकिटावरचा शिक्का, पोस्टाच्या पेटीचा क्रमांक, सही कुणाची, सगळं एका वहीत उतरवून घ्यायचे. अशा नकारांच्या त्यांच्याकडे तीन जाडजूड फायली होत्या.

नुसत्या कागदांवर भागेना म्हणून एकदा त्यांनी प्रत्यक्ष अनुभव घ्यायचं ठरवलं. स्टँडवर एका अनोळखी माणसावर पाळत ठेवायची आणि त्याला न कळता तो कुठं जातो ते बघायचं. त्यांनी तपकिरी सफारीतला एक माणूस निवडला. तो गाडीत चढला, सर मागून चढले. तो किकवीला उतरला, सरही उतरले. तो एका टपरीवर थांबला, सर पलीकडच्या बाभळीआड. तेवढ्यात तो माणूस सरळ बाभळीकडे आला आणि हात जोडून म्हणाला, "मोघे सर ना? बरं झालं भेटलात, चार दिवस तुम्हालाच शोधतोय." तो विम्याचा एजंट होता. सर संध्याकाळी भोरला परत आले ते पॉलिसी काढून. मोघेकाकूंनी ती पॉलिसी बरेच दिवस देवघरात ठेवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.

हसण्यावारी नेलं तरी एक खरं, की सरांना त्या विषयातलं मोठं काही नकोच होतं. इंग्रजांनी ठगांच्या मागे माणसं लावली, मग तीच रीत देशातल्या पुढाऱ्यांच्या मागे लावली, स्वातंत्र्य आलं तरी कपाटं तीच राहिली, चीनच्या लढाईनंतर सगळ्यांनी सगळ्यांवर खापर फोडलं आणि देशाबाहेरचं काम वेगळं काढलं, हे सगळं त्यांनी नीट लिहिलं होतंच. पण त्यांचा जीव अडकायचा तो खालच्या माणसांत. वाफेवर पाकिटं उघडून परत चिकटवणारा पोस्टातला कारकून. बारा बारा तास कानाला यंत्र लावून परक्या मुलखातलं बोलणं ऐकणारा. सरहद्दीपलीकडे शेळ्या राखत राहिलेला. "सेनापतीचा पुतळा होतो," सर म्हणायचे, "पण ज्यानं बातमी आणली त्याचं नावसुद्धा कुठं लागत नाही. एक तरी असा माणूस मला जिवंत भेटायला हवा. त्याचं देणं लागतो आपण."

दहा प्रकरणं झाली. पुण्यातल्या एका प्रकाशकाकडे हस्तलिखित गेलं. त्यांचा फोन माझ्यासमोरच आला. "सर, भाषा सुंदर. पण हे सगळं कुठं ना कुठं छापून आलंय. तुमचं स्वतःचं, नवीन असं काही? एखादा माणूस? तसं एक प्रकरण द्या, उद्या छापायला घेतो." सर दोन दिवस दुकानात फिरकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आले, आणि त्याच दिवशी पासलीचे लक्ष्मणआबा दुकानात आले. नाव मी बदललंय. गावही पासलीच असेल असं समजू नका. वेल्ह्याकडं डोंगराच्या कुशीत भातशेती करणारी तसली गावं पुष्कळ आहेत. आबांचं प्रांत कचेरीत जमिनीच्या वाटपाचं काम होतं, त्यासाठी कागदांच्या नकला हव्या होत्या. पांढरी टोपी, पायजमा, अंगानं वाळलेले, बोलणं हळू. त्यांच्या कागदांत एक पेन्शनचा कागद होता. मशीनमधून नक्कल बाहेर आली ती सरांच्या मांडीवरच पडली, कारण सर नेहमीच्या जागी बसले होते.

सरांनी ती उचलली आणि ते बघतच राहिले. वर एका कार्यालयाचं नाव होतं, इतकं बेचव की वाचता वाचता विसरावं. खाली पोस्टाच्या पेटीचा क्रमांक. तो सरांना तोंडपाठ होता. अकरा नकार त्याच क्रमांकावरून आले होते.

"आबा, नोकरीला कुठं होता?" सरांनी विचारलं.

"मिलिट्रीत. सैपाकी व्हतो," आबा म्हणाले, आणि कागद गोळा करून गाडी गाठायला निघाले.

सर उठले. चप्पल अडकवली आणि त्यांच्या मागोमाग वेल्ह्याच्या एसटीत चढले. या वेळी विमा निघाला नाही.

त्यानंतर चार महिने सर दर आठवड्याला पासलीला. जाताना पेरू, नाहीतर तंबाखूची पुडी, आणि पिशवीत एक लाल वही. आबा त्यांना ओट्यावर बसवून घ्यायचे, पण उत्तर एकच. "सैपाकी व्हतो, सर. डाळ-भात." सर म्हणायचे, "हरकत नाही. मी बसतो." आणि बसायचे. हेरगिरी म्हणजे कंटाळा सोसायची कला, असं त्यांनी तिसऱ्या प्रकरणात लिहिलेलंच होतं.

आबांच्या या नोकरीवर सगळ्यांत जास्त हसायची ती त्यांची बायको, हौसाबाई. "तीस वर्सं सैपाक केला म्हनं सरकारचा," ती सरांना चहा देताना सांगायची, "आन घरी चुलीवर दूध ठिवलं तरी उतू जातंय. म्या इचारलं, आवो, येक दिस तरी करून घाला. तर म्हनत्यात, मला पन्नास मानसांचा येतो, दोघांचा न्हाई येत!" सगळं गाव या गोष्टीवर हसलेलं. पोरंसोरं आबांना 'आचारी' म्हणायची. आबाही हसायचे.

कधीतरी दसऱ्याच्या सुमाराला आबांनी तोंड उघडलं असावं. कारण सर दुकानात आले ते अंगात वारं भरल्यासारखे. "वंदना, पुढचा आठवडा मोकळा ठेव. अकरावं प्रकरण." प्रकाशकालाही त्यांनी कळवून टाकलं. वहीत काय आहे ते मात्र मला सांगेनात, आणि मोघे सर काही सांगत नाहीत याचीच मला जास्त काळजी वाटायला लागली. फक्त म्हणाले, "लिहिलेलं एकदा आबांना वाचून दाखवतो, मग टाईप कर."

त्यांचा पाय मुरगळला होता, म्हणून मीच त्यांना माझ्या स्कूटरवर घेऊन गेले. नसरापूरवरून वेल्हे आणि तिथून पुढं पासली. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण रस्ता विचारला तर सगळे अजून वेल्हंच म्हणतात. भाताची झोडणी चाललेली. हौसाबाई खळ्यावर वाऱ्याला उभी राहून भात उफणत होती. आम्ही ओट्यावर बसलो. सरांनी वही काढली, तसा आबांनी तिच्यावर हात ठेवला.

"वाचू नका, सर. तुमी बराबरच लिवलं आसंल."

"तुमचं नाव बदलतो, आबा. गाव बदलतो."

"नाव बदलून काय व्हनार? तिकडं ज्या घरात म्या ऱ्हायलो, तिथं माजं नाव कुठं म्हाईत व्हतं? तोंड म्हाईत हाय. त्या घरची पोरं आजून तिथंच नांदत्यात. कुनीतरी वाचंल, आन दोन आन दोन चार करंल."

"इतकी वर्षं झाली आता."

"तुमच्याआमच्याकडं झाली," आबा म्हणाले. मग त्यांनी हनुवटीनं खळ्याकडे दाखवलं. "आन दुसरी ही. हिला म्या सैपाकी म्हून सांगितलं, हिनं गावाला सांगितलं. लोकं हसली, ही बी हसली. पर सर, हिनं दोन बाळंतपनं एकलीनं काढली. माजी म्हातारी संभाळली. चार चार म्हैनं कागूद न्हाई. तवा हिला येकच समादान व्हतं, की नवरा चुलीपाशी हाय. कुठं का आसंना, उपाशी न्हाई. ते आता म्हातारपनी काढून घिऊ व्हय तिच्याकडनं?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. वही मांडीवर, बोटं वहीवर. एवढा वेळ ते गप्प बसू शकतात हे मला ठाऊक नव्हतं.

"तुमी म्हनला व्हता, देश देनं लागतो," आबा हळूच म्हणाले. "लागत आसंल. पर म्या मागितलंय व्हय?"

तेवढ्यात हौसाबाई सूप घेऊन आली. "काय चाललंय गुपचूप?"

"काही नाही," सर म्हणाले. "आबांना विचारत होतो, पन्नास माणसांच्या भाताला आधण किती ठेवायचं."

"आन सांगता आलं त्यास्नी?"

"सांगितलं ना. वहीत उतरवून घेतलं."

हौसाबाई खो खो हसली. आबा मान खाली घालून तंबाखू मळत राहिले.

परतताना नसरापूरला आम्ही चहाला थांबलो. सरांचा कप तसाच निवला. मग म्हणाले, "वंदना, तू आज काय ऐकलंस?"

"काही नाही सर. मी खळ्याकडं बघत होते."

"हं." ते माझ्याकडे बघत राहिले. "मला वाटतं आठवीत मी तुला चाळीस द्यायला हवे होते."

दुसऱ्या दिवशी सर आले आणि दहाव्या प्रकरणाखाली 'समाप्त' टाईप करायला सांगितलं. प्रकाशकानं नकार दिला. हा नकार मात्र त्यांनी फाईलला लावला नाही. मी एकदा त्या वहीचा विषय काढला, तर म्हणाले, "कुठली वही?" चेहरा इतका कोरा, की क्षणभर मलाच शंका आली.

पुस्तक शेवटी सरांनी स्वतःच छापून घेतलं. वाचनालयात प्रकाशन झालं. अध्यक्ष होते शाळेचे माजी मुख्याध्यापक. सरांचं आणि त्यांचं आयुष्यभर जमलं नव्हतं. ते भाषणात म्हणाले, "मोघ्यांनी इतकी वर्षं हेर शोधले, पण एकही सापडला नाही. यावरून आपले हेर किती तरबेज आहेत हे सिद्ध होतं!" सगळं सभागृह हसलं. नंतर एकानं मुद्दाम उठून विचारलं, "खरंच सर, एकसुद्धा नाही?"

मी सरांकडे बघत होते. दातांच्या डॉक्टरांचा पत्ता ज्याच्या पोटात एक दिवस टिकला नाही, तो माणूस.

"नाही सापडला," सर म्हणाले, आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसले. शेवटच्या रांगेत पांढरी टोपी घालून एक म्हातारा बसला होता. तो तेवढा हसला नाही.

पुढच्या वर्षी आबा गेले. पासलीला नदीकाठी दशक्रिया. आमच्याकडे दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणं होतात. कावळा शिवेपर्यंत सरपंचापासून सगळे बोलून घेतात. कुणीतरी मोघे सरांचं नाव पुकारलं. भोरहून आलेले आम्ही चारसहा जण एकमेकांकडे बघायला लागलो. सरांच्या हाती माईक म्हणजे तासाची निश्चिंती. एकानं तर बसायला नीट दगड शोधला.

सर उभे राहिले. "लक्ष्मणआबा सैपाकी होते," ते म्हणाले. शाळेत आम्हाला 'स्वयंपाक' नीट लिहिला नाही म्हणून दहा वेळा लिहायला लावणारे सर 'सैपाकी' म्हणाले. "त्यांच्या हातचं मी जेवलोय. उत्तम होतं." आणि खाली बसले.

माणसं पांगल्यावर हौसाबाईनं सरांना गाठलं. दहा दिवसांत ती कुणाशी धड बोलली नव्हती.

"सर, कवा जेवला तुमी त्येंच्या हातचं?"

सर गडबडले. "ते, तुम्ही एकदा वेल्ह्याला बाजारला गेला होतात ना, तेव्हा. खिचडी केली होती."

"खिचडी? कसली?"

"मुगाची. जरा आसट. वरून लसणाची फोडणी." सर एकदा सुरू झाले की थांबत नाहीत, तसेच इथेही थांबेनात. तांदूळ दोन वेळा धुतले, जाळ कमी केला, झाकणावर पाणी ठेवलं. मी मागे उभी राहून त्यांचा सदरा ओढत होते. हौसाबाई ऐकता ऐकता पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि हसता हसताच रडायला लागली.

"मला कवा घातली न्हाई वो," ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुमास्नी येवढी ध्यानात हाय, तर वर्सश्राद्धाला तुमीच करा. त्येंच्या पद्धतीची. पानाशेजारी ठिवू."

आता मोघे सरांना चहासुद्धा करता येत नव्हता. पुढचं वर्षभर मोघेकाकू त्यांना खिचडी शिकवत होत्या, आणि का शिकायची ते विचारून थकल्या होत्या. "या माणसाला एवढं गुपित ठेवता येतं हे मला माहीत असतं," त्या मला म्हणाल्या, "तर मी आयुष्यभर किती गोष्टी सांगितल्या असत्या." भोरमध्ये निम्म्या लोकांनी करपलेली खिचडी चाखली. दातांच्या डॉक्टरांनाही एक डबा गेला.

आज सर नाहीत, हौसाबाईही नाही, म्हणून एवढं लिहिलं. लाल वही काकूंनी सगळ्या घरात शोधली, मिळाली नाही. आबांनी नेमकं काय केलं, कुठं केलं, ते मला आजही माहीत नाही.

वर्षश्राद्धाला मीच सरांना पासलीला नेलं होतं. त्यानंतर महिन्याभरात ते झोपेतच गेले, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर येतात ते असेच: हौसाबाईच्या चुलीपुढे पाटावर बसलेले, धोतर वर खोचलेलं, चष्म्यावर वाफ धरलेली, फुंकणी उलटी धरून जाळ करायचा प्रयत्न चाललेला. हौसाबाई भिंतीला टेकून हाताची घडी घालून बघत होती.

"आसंच करायचे ते?"

"अगदी असंच," सर खोकत म्हणाले.

नैवेद्य दाखवून झाला. मग हौसाबाईनं ताटलीत थोडी खिचडी घेतली आणि बोटानं चाटून पाहिली. सर तिच्या तोंडाकडे बघत होते, बोर्डाच्या निकालाकडे पोरं बघतात तसे.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. मग ताटली पुढं ओढून नीट मांडी घालून बसली. "त्येंचंबी कमीच पडत आसंल. वाढा आनखी."

सरांनी पळी घेतली आणि वाढली.